ऑनलाइन लॅपटॉप घेताना कूपन कुठे शोधायचं आणि कुठे थांबायचं

माझ्या कपाटात एक लॅपटॉप पडून आहे. २०२१ मध्ये तो मी चार हजारांच्या कूपनसाठी घेतला. हो, कूपनसाठीच; लॅपटॉप त्याच्यासोबत आला असं म्हणा. कूपन रात्री बारापर्यंतच चालणार होतं, पानावर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावत होतं, आणि मी पावणेबाराला पैसे भरून मोकळी झाले. महिन्याभरात कळलं की त्यात रॅम (एका वेळी चालू असलेली कामं पेलणारी मेमरी) चार जीबी आहे, ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि वाढवता येत नाही. मी ठाण्यात, नौपाड्यात, घरून जीएसटी रिटर्न भरायची कामं करते. टॅली, दोन एक्सेल फाइली आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की ते यंत्र धापा टाकायला लागायचं.

त्यानंतर आणखी दोन लॅपटॉप माझ्या हातून घेतले गेले. २०२४ मध्ये मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी, २०२५ मध्ये खारघरच्या भाच्यासाठी. दोन्ही वेळा नव्या चुका केल्या, पण जुन्या नाही केल्या. आता नात्यातलं कोणीही फोन करतं, "ताई, एखादा कोड आहे का गं?" मी आधी विचारते, मॉडेल ठरलंय का? नसेल ठरलं तर फोन ठेव, ठरलं की कर.

खालचा क्रम तसाच पाळा. कूपन पाचव्या पायरीवर आहे, त्याच्या आधी कोड शोधायला बसू नका.

१. आधी मॉडेल ठरवा, शेवटच्या अक्षरापर्यंत

"एचपीचा आय-फाइव्हवाला" किंवा "लेनोव्होचा पंधरा इंची" हे मॉडेल नव्हे. लॅपटॉपच्या नावापुढे आकडे आणि अक्षरं असलेला एक लांबलचक क्रमांक असतो, तो उतरवून घ्या. एकाच मालिकेतली दोन यंत्रं बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसतात, आतून स्क्रीन वेगळी, रॅम वेगळी, किंमत वेगळी. कंपन्या वेगवेगळ्या साइटना शेवटची अक्षरं बदलून माल देतात, त्यामुळे "तिथे दोन हजारांनी स्वस्त आहे" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ती वस्तूच दुसरी असते.

प्रोसेसरच्या नावावरही भुलू नका. रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून तो रायझन ५ ५५००यूपेक्षा नवा आणि म्हणून सरस वाटतो. प्रत्यक्षात ७५२०यूमध्ये चार कोअर (काम करणारे गाभे) आहेत आणि ५५००यूमध्ये सहा. दोन्हींची मूळ रचना एकच, झेन २ नावाची. सेलमध्ये सगळ्यात मोठं कूपन कोणत्या यंत्रांवर असतं ते एकदा बघा, बरीचशी अशीच निघतील.

चार गोष्टी कागदावर लिहा: रॅम किती आणि वाढवता येते का, एसएसडी (फायली साठवायची जागा) किती, विंडोज आहे की डॉसवर (म्हणजे विंडोजशिवाय) येतो, ऑफिस सोबत आहे का, असेल तर कायमचं की एक वर्षाचं. डॉसवाला लॅपटॉप पाच-सहा हजारांनी स्वस्त दिसतो, आणि मग घरी आल्यावर मुलगा विचारतो, "आई, यात विंडोज कुठाय?"

२. खोडलेली किंमत विसरा

पानावर ८२,९९० वर काट मारलेली असते आणि खाली ५८,९९० लिहिलेलं असतं. ते ८२,९९० म्हणजे खोक्यावर छापलेली एमआरपी. त्या भावाने तो लॅपटॉप कोणी घेतलेला मी तरी पाहिला नाही. तुम्हाला हवी ती गेल्या तीन महिन्यांतली खरी विक्रीची किंमत. ॲमेझॉनसाठी कीपा आहे, बाकी साइटसाठी बायहटकेसारखी साधनं आहेत. वस्तूच्या पानाची लिंक टाकली की किमतीचा आलेख दिसतो. सेलच्या आठवडाभर आधी भाव चढवून सेलच्या दिवशी "उतरवलेला" असेल तर तो डोंगर आलेखावर स्पष्ट दिसतो.

ही साधनं ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन म्हणूनही मिळतात. मी ती बसवत नाही, साइटवर जाऊन बघते. एक्स्टेन्शनला तुम्ही उघडलेली पानं वाचायची परवानगी द्यावी लागते, आणि माझ्या ब्राउझरमध्ये अशिलांची रिटर्न उघडी असतात. तुम्ही बसवलंच, तर खरेदी झाली की काढून टाका.

३. कधी घ्यायचा

ऑनलाइन मोठे सेल ठरलेले आहेत: जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे, मग जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सगळ्यात मोठा दसरा-दिवाळीच्या आधी. जून ते सप्टेंबरमध्ये ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर विद्यार्थ्यांसाठीच्या ऑफर असतात, आणि आपल्याकडे इंजिनीअरिंग प्रवेशाच्या फेऱ्या, म्हणजे कॅप राउंडही, त्याच सुमारास चालू असतात, त्यामुळे प्रवेश पक्का झाला की लगेच हात घालायला हरकत नाही. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया हे मात्र दुकानांचे सण.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगते. २०२४ मध्ये मोठे सेल २७ सप्टेंबरला सुरू झाले, म्हणजे भर पितृपक्षात. सासूबाई म्हणाल्या, पंधरवड्यात नवी वस्तू नको. मुलगा म्हणाला, सेल संपेल. मधला मार्ग निघाला: ऑर्डर आत्ता करायची, खोकं दसऱ्याला फोडायचं. ठाण्याला भिवंडीची गोदामं इतकी जवळ की लॅपटॉप दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, दारात. तो देवघराशेजारी दोन आठवडे बसून राहिला. १२ ऑक्टोबरला हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून उघडला, आणि कीबोर्डावरचं 'एन' काही केल्या उमटेना. बदलून मिळायची मुदत होती सात दिवसांची, ती ५ ऑक्टोबरलाच संपली होती. वॉरंटीत कीबोर्ड बदलून मिळाला, पण त्यासाठी कोरा करकरीत लॅपटॉप अकरा दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये पडला. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी उघडला असता तरी चाललं असतं! सासूबाईंनाही आता हे पटलंय.

मुहूर्त पाळायचा तर ऑर्डरचा दिवस पुढे ढकला. आलेलं खोकं ठेवून देऊ नका.

४. हाताशी काय काय हवं

सेलच्या रात्री धावपळ नको म्हणून हे आधीच गोळा करा:

- घरातल्या सगळ्यांच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांची यादी, कोणत्या बँकेचं कोणतं. नवऱ्याचं, दिराचं, भावाचं, सगळी.
- बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डांवर ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा किती, हे तपासा. मर्यादा पन्नास हजारांवर असेल आणि लॅपटॉप अठ्ठावन्नचा, तर व्यवहार फसतो, आणि पुन्हा प्रयत्न करेपर्यंत स्टॉक संपतो.
- कार्डाशी जोडलेला मोबाइल जवळ. ओटीपी दिराच्या फोनवर आणि दीर लोकलमध्ये, हे आमच्याकडे झालंय.
- विद्यार्थ्याचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, आणि कॉलेजचा ईमेल असेल तर तो.
- व्यवसाय असेल तर जीएसटी क्रमांक आणि त्यावर नोंदलेला पत्ता.
- जुना लॅपटॉप द्यायचा असेल तर तो, त्याचा चार्जर, आणि त्यातल्या फायलींची प्रत काढून झालेली.

५. आता कूपन

कूपन म्हटलं की लोक गूगलवर "लॅपटॉप कूपन कोड" शोधतात आणि चाळीस साइट उघडतात. त्यातले बहुतेक कोड कपड्यांचे, पहिल्या ऑर्डरचे किंवा मुदत संपलेले असतात. मोठ्या बाजारपेठी साइटवर लॅपटॉपसाठी टाइप करायचा कोड क्वचितच चालतो. सूट असते, पण ती इतर जागी लपलेली असते. कामाच्या जागा अशा:

वस्तूच्या पानावरची टिक. किमतीच्या खाली बारीक अक्षरात "१,००० रुपयांचं कूपन लावा" असा चौकोन असतो. तो तुम्ही स्वतः टिक करायचा असतो, आणि कार्टमध्ये टाकण्याआधी. नाही केला तर सूट नाही, कोणी आठवणही करून देत नाही. सगळ्यात सोपी सूट हीच आणि सगळ्यात जास्त लोक हीच विसरतात.

बँकेची सूट. सेलमधला खरा पैसा इथे असतो, आणि खरी मेखही. जाहिरातीत "१० टक्के सूट" मोठ्या अक्षरात, आणि "कमाल १,५०० रुपये" बारीक अक्षरात. म्हणजे साठ हजारांच्या लॅपटॉपवर दहा टक्के नव्हे, अडीच टक्के. म्हणून टक्के वाचूच नका, कमाल रक्कम वाचा. एकाच बँकेच्या ऑफरमध्ये पूर्ण पैसे भरण्याची कमाल रक्कम वेगळी आणि ईएमआयची वेगळी असू शकते; डेबिट कार्ड कधी धरलेलं असतं, कधी वगळलेलं. एका कार्डावर संपूर्ण सेलमध्ये एकदाच, अशीही अट असते, तेव्हा त्याच कार्डावर आदल्या दिवशी मिक्सर घेऊन बसू नका.

यातला एक सापळा मला कागदावर हिशोब मांडल्यावरच दिसला. समजा लॅपटॉप ५०,४९० चा आहे आणि बँकेची ३,००० ची सूट "किमान ५०,००० च्या खरेदीवर" आहे. तुम्ही हौसेने १,००० चं कूपन टिक केलंत. रक्कम झाली ४९,४९०, आणि बँकेची सूट गेली! हजार वाचवायला तीन हजार घालवले. अशा वेळी कूपन सोडून द्या, किंवा सहाशेचा माउस सोबत घेऊन रक्कम पुन्हा पन्नास हजारांच्या वर न्या. मात्र किमान रक्कम पूर्ण ऑर्डरवर मोजतात की एका वस्तूवर, हे अटींमध्ये वाचून घ्या. एका वस्तूवर असेल तर माउसचा उपयोग नाही.

विद्यार्थी आणि कर्मचारी. ॲपल, डेल, एचपी, लेनोव्हो या सगळ्यांची विद्यार्थ्यांसाठी वेगळी ऑनलाइन दालनं आहेत. पडताळणी झाली की किंमत आपोआप उतरते. कर्मचाऱ्यांची सोय मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. मोठ्या आयटी कंपन्यांशी लॅपटॉपच्या ब्रँडचा करार असतो आणि ऑफिसच्या ईमेलने लॉगिन केल्यावर वेगळे भाव दिसतात. ऐरोली, महापे, घणसोलीच्या ऑफिसांत नोकरी करणारं कोणी घरात असेल तर एचआरला एक ईमेल टाकायला सांगा. भाच्याचा लॅपटॉप शेवटी त्याच्या वडिलांच्या ऑफिसमधूनच स्वस्तात पडला, आणि तोवर मी तीन दिवस कोड शोधत होते.

ब्रँडच्या साइटवर ईमेल नोंदवला की पहिल्या ऑर्डरसाठी एक कोड येतो, तोही बघा. कार्टमध्ये वस्तू टाकून दोन दिवस तशीच ठेवली तर कधी कधी आठवणीचा ईमेल येतो, सोबत छोटी सूट. मला एकदा आली, दोनदा नाही आली.

गिफ्ट व्हाउचर. कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंटांवर किंवा पगाराच्या सवलतींच्या पोर्टलवर साइटची व्हाउचरं दोन-चार टक्के स्वस्तात मिळतात. वापरा, पण लक्षात ठेवा की व्हाउचरने भरलेल्या रकमेवर बँकेची सूट सहसा मिळत नाही, ती कार्डावर भरलेल्या रकमेवरच मोजली जाते. आणि ऑर्डर रद्द झाली तर ते पैसे बँकेत परत येत नाहीत, त्याच साइटच्या शिलकीत अडकून राहतात. लॅपटॉपएवढ्या रकमेला मी हा धोका घेत नाही.

कॅशबॅक साइट. कॅशकरोसारख्या साइटवरून दुकानात गेलात की विक्रीच्या दलालीतला हिस्सा तुम्हाला परत मिळतो. लॅपटॉपवर हा दर कपड्यांच्या मानाने अगदीच कमी असतो, कधी शून्यही; आधी बघून घ्या. हे सगळं चालतं "शेवटचा क्लिक कोणाचा" यावर. भाच्याच्या एका आधीच्या खरेदीत आम्ही कॅशबॅक साइटवरून आत गेलो, मग मध्येच व्हॉट्सॲपवर आलेला एक कोड लावून बघितला. कॅशबॅक नाकारला गेला. अटींमध्ये लिहिलेलं होतं, बाहेरचा कोड चालणार नाही. चूक आमचीच. तेव्हा जायचं तर सरळ जा: कार्ट रिकामी, ॲड ब्लॉकर बंद, दुसरी कुठलीही टॅब नाही, आणि एका बैठकीत पैसे भरून बाहेर.

एक्स्चेंज, म्हणजे जुनं यंत्र देऊन नव्यावर सूट. ती मिळते की नाही हे पिनकोड टाकल्यावरच कळतं. आमच्या ४००६०२ ला जी एक्स्चेंज ऑफर दिसत होती तीच भाच्याच्या ४१०२१० ला दिसत नव्हती. शिवाय दारात आलेला माणूस जुनं यंत्र तपासून रक्कम नाकारू शकतो, आणि मग फरक तुम्हाला जागेवर भरावा लागतो. माझा तो २०२१ चा लॅपटॉप अजून कपाटात का आहे, हे आता कळलं असेल.

राहिल्या कूपनांच्या साइट, ग्रॅबऑन, कूपनदुनिया वगैरे. ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर खरेदी करणार असाल तर दहा मिनिटं जरूर द्या, तिथे कोडची पेटी असते आणि कधी कधी लागतो कोड. दहा मिनिटांनंतर उठा.

६. नो कॉस्ट ईएमआयला किती पडतं

नावात "नो कॉस्ट" आहे म्हणून फुकट नसतं. ६०,००० चा लॅपटॉप सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेतला, बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला, तर काय होतं बघा. महिन्याला तुम्ही १०,००० भरता, एकूण साठच. पण बँकेच्या हिशोबात कर्ज साधारण ५७,३०० चं असतं आणि व्याज २,७०० चं. तेवढी रक्कम विक्रेता किमतीतून आधीच वजा करतो. इथपर्यंत ठीक. मात्र त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक तुमच्याकडून घेते, म्हणजे ४८६ रुपये. वर प्रोसेसिंग फी, समजा १९९, आणि तिच्यावरही जीएसटी, मिळून २३५. एकूण सव्वासातशेच्या आसपास. हे पैसे चेकआउटच्या पानावर दिसत नाहीत, कार्डाच्या बिलात हप्त्यांसोबत येतात.

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवून ग्राहकाच्या गळ्यात मारलं जातं.

तरीही मी दोनदा ईएमआय घेतला, कारण ईएमआयवर बँकेची सूट दीड हजाराने जास्त होती. सव्वासातशे गेले, दीड हजार आले. हिशोब करून घ्या, नावावर जाऊ नका. आणि ऑर्डर रद्द करायची वेळ आली तर प्रोसेसिंग फी परत मिळेल असं धरून चालू नका.

७. जीएसटी क्रमांक असेल तर

हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुष्कळ वस्तूंचे दर बदलले, मोठ्या टीव्हींवरचा कर २८ वरून १८ वर आला, तेव्हा लॅपटॉपच्या जाहिरातींवरही "जीएसटी बचत" अशा पट्ट्या दिसल्या. लॅपटॉप आधीही १८ ला होता, नंतरही १८ लाच.

तुमचा नोंदणीकृत व्यवसाय असेल आणि यंत्र त्यासाठीच वापरणार असाल, तर कुठल्याही कूपनपेक्षा मोठी सूट बिलातच आहे. ५९,००० च्या लॅपटॉपमध्ये मूळ किंमत ५०,००० आणि कर ९,०००. हे नऊ हजार इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतात, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात. अटी अशा: ऑर्डर देण्याआधी जीएसटी क्रमांक साइटवर नोंदवलेला हवा, कारण नंतर बिल बदलून मिळणं जवळपास अशक्य. विक्रेता जीएसटी बिल देणारा हवा. बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) उतरलेलं हवं. कॉम्पोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर क्रेडिट नाही. विक्रेता भिवंडीचा असेल तर बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ दिसेल, परराज्यातला असेल तर आयजीएसटी १८. दोन्हींचं क्रेडिट मिळतं, घाबरून फोन करू नका.

आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट) मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. कराचं क्रेडिट घेतलंत तर घसारा ५०,००० वरच, ५९,००० वर नाही. दोन्हीकडून खायला जाणारे अशील मला दरवर्षी भेटतात.

८. शेवटचा आकडा कागदावर, मग दुकानात एक फेरी

पानावरची किंमत, वजा टिकचं कूपन, वजा बँकेची सूट, अधिक ईएमआयचा खर्च, अधिक डिलिव्हरी किंवा "ऑफर हाताळणी" अशा नावाची काही फी. नंतर मिळणारा कॅशबॅक यात धरू नका, तो मिळेल तेव्हा मिळाला. मुलाच्या वेळी माझा कागद असा होता: ५८,९९०, वजा १,०००, वजा ३,०००, म्हणजे ५४,९९०.

तो कागद घेऊन मी राम मारुती रोडला एका दुकानात गेले. नवी मुंबईकरांनी वाशीत जावं. मॉडेल क्रमांक दाखवला. दुकानदार म्हणाले, "मॅडम, हा भाव मला परवडत नाही, पण तुमचं कार्ड कुठल्या बँकेचं?" त्यांच्या स्वाइप मशीनवर ब्रँडची वेगळी कॅशबॅक होती. त्यांचा शेवटचा आकडा ५५,५०० झाला, बॅग आणि माउस धरून, आणि कीबोर्ड तिथेच दाबून बघता येत होता. पाचशे दहा रुपयांचा फरक. मी ऑनलाइन घेतला. पुढचं 'एन'चं रामायण वर वाचलंतच.

सुटे भाग जोडून डेस्कटॉप करायचा असेल तर ऑनलाइन कूपनांच्या मागे फार लागू नका. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. "बिलाशिवाय" म्हणून सांगितलेला भाव कानाआड करा. बिल नाही तर वॉरंटीच्या वेळी तुम्ही कोण?

९. पैसे भरताना

शेवटच्या पानावर थांबा आणि एकेक ओळ वाचा. वाढीव वॉरंटी, अँटिव्हायरस, अपघात विमा, दानाचे पाच रुपये, यातलं काही आपोआप शिरलंय का? ग्राहकाच्या नावाने आधीच टिक करून ठेवायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली. गुपचूप कार्टमध्ये वस्तू सरकवणं आणि खोटी घाई लावणं हे दोन्ही त्यात आहे. ते लाल घड्याळ दिसलं की पान बंद करून पुन्हा उघडा. माझ्यासमोर ते दोनदा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

विक्रेत्याचं नाव बघा. तीच वस्तू, तेच पान, पण दुसऱ्या अनोळखी विक्रेत्याकडे हजाराने स्वस्त, असं असेल तर मी हजार सोडते.

बँकेची सूट शेवटच्या रकमेत वजा झालेली दिसली तरच पुढे जा. दिसली नाही तर "नंतर येईल" म्हणून समजूत काढू नका. ऑफरच्या पानाचा अटींसकट स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा.

१०. फसवणुकीच्या जागा

"लूट डील" नावाच्या टेलिग्राम ग्रुपवर लाखाचा लॅपटॉप अठरा हजारांत दिसतो. लिंक उघडली की साइट हुबेहूब ओळखीची, पत्त्यात एक अक्षर जास्त. कूपन मिळवण्यासाठी एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवणारी) उतरवून घ्या, असं सांगणारा प्रत्येक जण चोर समजा. स्क्रॅच कार्डात पाच हजार लागले, ते घ्यायला यूपीआय पिन टाका, असं कोणी म्हटलं तर लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

आणखी एक नवा प्रकार आहे. आमच्याकडे त्या बँकेचं कार्ड आहे, तुम्ही आम्हाला पैसे पाठवा, आम्ही सूट घेऊन तुमच्या पत्त्यावर ऑर्डर करतो, असं सांगणारे अनोळखी लोक. कार्ड दिराचं चालेल, अनोळखी माणसाचं नाही.

पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. पहिल्या तासाभरात पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

११. खोकं आल्यावर

गेटवर सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवायला सांगू नका, स्वतः घ्या. दारात उघडून दाखवण्याची सोय असलेली डिलिव्हरी असेल तर आत लॅपटॉप बघितल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, डिलिव्हरीवाला कितीही घाईत असो. नसेल तर सील तोडण्यापासून एकसंध व्हिडिओ काढा. आमच्याकडे मुलगा धरतो, मी कात्री चालवते.

सीरियल नंबर तीन ठिकाणी जुळवा: खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाशी, बिलावर. मग ब्रँडच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. वॉरंटी कधी कधी दोन-तीन महिने आधीच सुरू झालेली दिसते, कारण कंपनीने माल वितरकाला दिला ती तारीख धरलेली असते. बिलाची प्रत पाठवली की ती दुरुस्त करून मिळते. त्याच दिवशी प्रत्येक बटण दाबा, पांढऱ्या आणि काळ्या स्क्रीनवर ठिपके बघा, टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि प्रोसेसर तुमच्या कागदाशी जुळतात का बघा, ऑफिस सोबत असेल तर लगेच ॲक्टिव्हेट करा. बिघाड असेल तर बहुतेक साइट आधी ब्रँडच्या तंत्रज्ञाचा दाखला मागतात, त्यात दोन-तीन दिवस जातात, आणि मुदत सातच दिवसांची.

दाद मिळाली नाही तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं, असं नियम सांगतो. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि ग्राहक आयोगात जायचं झालं तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता हरयाणाचा असला तरी.

शेवटी कॅलेंडरवर एक खूण करा: कॅशबॅक कधी येणार ती तारीख. काही ऑफरमध्ये सूट लगेच वजा होत नाही, महिन्यांनी कार्डाच्या बिलात जमा होते, आणि तोवर आपण विसरलेलो असतो. मुलाच्या लॅपटॉपसोबत घेतलेल्या प्रिंटरचे दीड हजार असेच यायचे होते. सप्टेंबरची ऑर्डर, पैसे फेब्रुवारीच्या बिलात आले, तेही बँकेला दोन ईमेल पाठवल्यावर. दोन्हींना तो स्क्रीनशॉट जोडला होता.